कादंबरीकाराची बंदूक



ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिण्याची हौस असलेले माझे एक तरुण स्नेही आपलें हस्तलिखित घेऊन मजकडे आले. कथा १८५८ सालची. स्थळ एटापल्लीभोवतालचें अरण्य. हा मुलूख त्या काळीं चांदा जिल्ह्यांत असे. १९८२ पासून तो गडचिरोली जिल्ह्यांत मोडतो. वर्णनें बहारीचीं होतीं. परंतु तिसऱ्याच प्रकरणांत त्यांचा गोंड नायक सागाच्या झाडाआडून बंदुकींत मागच्या बाजूनें काडतुसें सारतो आणि पाहतां पाहतां सहा शिपाई लोळवितो. मीं वही मिटली व म्हटलें, "आपला नायक १८५८ त मरतो, आणि इंग्रजी फौजेंतसुद्धां मागून भरावयाची स्नायडर बंदूक सुरू झाली ती १८६६ सालीं!" ते हसून म्हणाले, "एवढ्यातेवढ्यानें काय बिघडतें? वाचक थोडाच दारू हुंगावयास येतो?"

काय बिघडतें, हेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम इतिहास पाहूं. मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके यांनीं गोंड व रोहिले यांचा जमाव उभारून मार्च १८५८ मध्यें राजगड परगण्यांत उठावणी केली. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना मिळाले. चांद्याचा अधिकारी कॅप्टन क्रिक्टन यानें त्यांच्यावर फौज धाडली. २९ एप्रिलला प्राणहिता नदीवर चिंचगुंडी येथें तारखात्याच्या तळावर छापा पडला व गार्टलंड आणि हॉल हे दोघे इंग्रज मारले गेले. पुढें अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या साह्यानें बाबूराव पकडले गेले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्याच्या तुरुंगांत त्यांना फांशी झाली.

आतां हत्यारें. त्या काळीं हिंदुस्थानांत बंदुकीच्या तीन पिढ्या एकत्र नांदत होत्या. थोरली तोड्याची: हिचा दोरीचा तोडा सदा पेटता ठेवावा लागे, व चाप ओढतांच त्याचें जळतें टोक रंजकेला टेकून बार उडे. दुसरी चकमकीची: हिच्यांत गार पोलादावर आपटून ठिणगी पडे. धाकटी टोपीची: हिच्या कानावर स्फोटक मसाल्याची इवलीशी तांब्याची टोपी बसवीत, व घोडा पडला कीं ती पेटे. तिन्ही भरावयाच्या मात्र तोंडानेंच. आधीं दारू, मग गोळी, मग गजानें ठासणें. गडचिरोलीकडे अशा ठासणीच्या बंदुकीला भरमार म्हणतात.

सत्तावनच्या कथांतून गाजलेली एनफील्ड हीही टोपीचीच व तोंडानेंच भरावयाची. नळीला आंतून पेच असल्यामुळें तिची गोळी दूरवर नेमकी जाई, इतकेंच. तिचें काडतूस म्हणजे पितळी नळकांडें नव्हे. तें दारू व गोळी बांधलेलें कागदी पुडकें होतें, आणि तें दातांनीं तोडावें लागे, म्हणून तर चरबीचा प्रश्न उठला! शिवाय, १८५७ त देशी पलटणींपैकीं बहुतेकांच्या हातीं जुनी बिनपेची बंदूकच होती. तेव्हां सत्तावन साल दिसलें कीं प्रत्येक शिपायाला एनफील्ड देऊन टाकणें हीही चूकच होय.

हे फरक क्षुल्लक नाहींत. १८३४ सालीं वूलिच येथें सहा हजार बार काढून तुलना केली, तेव्हां चकमकीची बंदूक ९२२ वेळां चुकली, टोपीची अवघी ३६ वेळां. मग उघड्या तोड्याची गत एटापल्लीच्या मुसळधार पावसांत काय होत असेल? ज्याच्या हातीं तोड्याची बंदूक आहे, त्याच्यासाठीं श्रावणसर हीच शत्रूची दुसरी पलटण होय. रात्रीं दबा धरून बसावें, तर तोड्याचा निखारा लुकलुकतो व त्याचा वास वाऱ्यावर जातो. एप्रिलांत सागाचीं पानें गळून खालीं करकर वाजतात, म्हणजे हलण्याची सोय नाहीं. त्यांतून बार निघालाच, तर काळ्या दारूचा पांढरा धूर झाडाआडची जागा शत्रूला दाखवून देतो. आणि पुन्हां दारू, गोळी, गज होईपर्यंत माणूस निःशस्त्रच! टोपीची बंदूक घेतलेला कसलेला शिपाई मिनिटांत दोनतीन बार काढी, तोडेवाल्याला तितकें साधत नसे.

माझ्या स्नेह्याला मीं म्हटलें, "आपण नायकाला चांगली बंदूक देऊन त्याचा गौरव केला असें आपणांस वाटतें, वस्तुतः आपण त्याचें शौर्यच हिरावून घेतलें. सहा बारांची बंदूक हातीं असतांना सहाजणांना पाडणें यांत नवल कसलें? एकच बार आहे, तो चुकला तर दुसरा भरावयास वेळ नाहीं, हें ठाऊक असूनही जो झाडाआडून पुढें येतो, त्याची छाती केवढी असेल? आणि तो हरला तर कां हरला, हेंही त्याच बंदुकींत लिहिलेलें असतें."

म्हणून काळाची कथा लिहिणारानें तीन प्रश्न स्वतःला विचारावे: ही बंदूक कोणत्या सालीं निघाली, या मुलुखांत, या माणसाच्या हातीं ती कशी व केव्हां आली, आणि तिला दारू-गोळी कोण पुरवी? पहिल्याचें उत्तर ग्रंथांत मिळतें, दुसऱ्याचें दप्तरांत. तिसऱ्याचें उत्तर शोधतां शोधतां बहुधा कथाच सांपडते; कारण चोरून दारू कुटणारा, शिसें वितळविणारा, रात्रीं पुडकें पोंचविणारी, हीं माणसें तेथेंच उभीं असतात.

स्नेही वही घेऊन गेले. महिन्याभरानें तिसरें प्रकरण पुन्हां आलें. आतां नायक एकच बार काढतो, आणि तोही पावसानें फुसका जातो. पुढचीं दोन पानें तो नुसता धांवत असतो. तीं वाचतांना मात्र माझा श्वास अडकला.