एका क्रियापदरूपाचा वनवास

बुएनोस आयरेस शहरांत एक मित्र दुसऱ्यास 'तुझ्याजवळ वेळ आहे का?' असें विचारतो, तेव्हां त्याच्या तोंडून 'तेनेस' हें रूप निघतें. पुस्तकावरून स्पॅनिश शिकलेला परदेशीय तेथें अडखळतो. कारण 'तेनेर' म्हणजे जवळ असणें, ह्या क्रियापदाचें द्वितीयपुरुषी एकवचन त्यानें 'त्येनेस' असें घोकलेलें असतें. ऐकलेलें रूप अशुद्ध आहे, असा त्याचा ग्रह होतो. हा ग्रह एकट्या परदेशीयाचा नव्हे. मोठमोठ्या पंडितांचाहि तो दीर्घकाळ होता.

वस्तुतः ह्या रूपाचें कुळ जुनें आहे. लॅटिनमधील अनेकवचनी 'तेनेतिस' ह्या रूपापासून जुन्या स्पॅनिशमध्यें 'तेनेदेस' झालें. तें 'वोस' ह्या सर्वनामाबरोबर येई. मराठींत 'तुम्ही' हें अनेकवचन एकाच वडील माणसास लावतात, तसेंच 'वोस'हि आदरार्थी एका व्यक्तीस लावीत. पुढें मधला 'द' गळाला आणि त्या रूपाचीं दोन अपत्यें झालीं : 'तेनेइस' व 'तेनेस'. पहिलें स्पेनमध्यें स्थिरावलें, दुसरें अमेरिकेंत. 'त्येनेस'शीं 'तेनेस'चा भेद आघाताचा आहे. आघात पहिल्या अवयवावर पडला कीं मूळच्या 'ए'चा 'ये' होतो. शेवटच्या अवयवावर पडला कीं 'ए' तसाच राहतो. म्हणजे दोन्ही रूपें नियमबद्धच आहेत.

परंतु आदराचे शब्दहि नाण्याप्रमाणें झिजतात. सोळाव्या शतकांत 'वोस' इतकें सर्रास झालें कीं मानी गृहस्थास तें अपमानास्पद वाटूं लागलें. आदरासाठीं 'आपली कृपा' अशा अर्थाचें 'वुएस्त्रा मेर्सेद' आलें व त्याचेंच पुढें 'उस्तेद' झालें. सलगीसाठीं 'तू' उरलें. मेक्सिको व लिमा ह्या व्हाइसरॉयांच्या राजधान्यांनीं स्पेनच्या दरबाराचें हें वळण उचललें. रिओ दे ला प्लाता नदीच्या कांठचा प्रदेश दूर पडला. तेथें स्वतंत्र व्हाइसरॉय नेमला गेला तो १७७६ सालीं. तोंवर 'वोस' हेंच तेथील घरगुती बोलणें झालें होतें.

मग पंडितांचा कोप झाला. आंद्रेस बेल्यो ह्यांनीं १८४७ सालच्या आपल्या व्याकरणांत चिलीमधील 'वोस'ला ग्राम्य ठरविलें. तेथें शाळांच्या शिस्तीनें तें पुष्कळ मागें सरलें. आर्जेंटिनांत मात्र मुलाच्या वांट्यास दोन भाषा आल्या : शिक्षक 'त्येनेस' लिहावयास लावीत, आणि घरीं आई 'तेनेस' म्हणे. आपल्या आईचें बोलणें चुकीचें, असा धडा कोवळ्या मनाला मिळणें ही लहानसहान गोष्ट नव्हे. १९४१ सालीं आमेरिको कास्त्रो ह्या स्पॅनिश विद्वानानें त्या प्रदेशाच्या भाषेंत बिघाड झाल्याचें प्रतिपादन केलें. होर्हे लुइस बोर्हेस ह्यांनीं त्याची उपहासपूर्वक झडती घेतली.

अखेर १९८२ सालीं आर्जेंटिनाच्या साहित्य अकादमीनें 'वोस'चा प्रयोग शिष्टसंमत मानला, आणि २००९ सालच्या अकादमींच्या नव्या व्याकरणांत त्याच्या रूपांना स्थान मिळालें. पंडितांच्या ह्या मान्यतेनें 'तेनेस' नव्यानें शुद्ध झालें असें नाहीं. तें आरंभापासूनच शुद्ध होतें. त्याचा वनवास मात्र संपला, आणि मुलाला घरचा शब्द शाळेच्या पाटीवर निःशंकपणें लिहितां येऊं लागला.