अनध्यायानंतर

कल्याण हे पेशवाईच्या काळी सुभ्याचे ठिकाण होते. जेथे सुभा तेथे फड आणि जेथे फड तेथे कीर्द असा त्या कारभाराचा शिरस्ता असल्यामुळे, आज ज्या आंबिवली, मोहने, आटाळी, वडवली या गावांच्या शेजारून कसाऱ्याची लोकल धडधडत जाते, त्या गावांचा भातसारा आणि त्यांच्या तक्रारी कधीकाळी तेथल्या एखाद्या कारकुनाच्या बोरूखालून गेल्या असल्या पाहिजेत. कीर्द लिहिण्याची रीत मोठी करडी. आरंभी आदल्या दिवसाची शिल्लक ओढावयाची, तिच्याखाली त्या दिवसाची जमा, मग खर्च, आणि जे उरेल ते उद्याच्या पानाच्या हवाली करावयाचे. शाईत बुडवलेल्या बोरूने आधी लांबलचक शिरोरेषा आखून घ्यावयाची, मग हात न उचलता तिला मोडी अक्षरे लटकावीत जावयाचे, ओल्या ओळींवर बारीक वाळू भुरभुरवावयाची, आणि कागद साठले म्हणजे ते रुमालात बांधून ठेवावयाचे. या व्यवहारात खंड म्हणजे कसूर. एक दिवस गळाला तर दुसऱ्या दिवसाची शिल्लक आणावयाची कोठून? कारकून तापाने फणफणला होता की मुलीच्या लग्नात गुंतला होता, याच्याशी फडणिसाला कर्तव्य नसे. कोऱ्या पानाचा अर्थ एकच, अफरातफरीचा संशय. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि दप्तर कंपनी सरकारच्या ताब्यात गेले, तरी गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशीतून जे उतारे निवडले आणि जे पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी छापून निघाले, ते चाळताना त्या शिस्तीचा दरारा अजूनही जाणवतो.

आपल्याकडे लेखनवाचनाचा दुसरा एक वारसा होता, आणि त्याचा स्वभाव याच्या अगदी उलट. वेदाध्ययन करणाऱ्याला खंडाची लाज नव्हती, कारण त्याचा खंड शास्त्रानेच नेमून दिलेला असे. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या हे अनध्यायाचे दिवस; त्याखेरीज मेघगर्जना झाली, भूकंप झाला, धुळीचे वादळ उठले, कोल्हेकुई ऐकू आली, कुत्रे भुंकले किंवा गाढव ओरडले, तरी पोथी मिटावी असे मनुस्मृती सांगते. (गाढवाच्या ओरडण्याने अध्ययन थांबवावयाचे हा नियम आजच्या काळात पाळावयाचा ठरवला, तर वर्तमानपत्र वाचणेही कठीण होईल.) एवढ्यावरही हे थांबत नाही. श्रावणात उपाकर्म करून अध्ययनाला आरंभ करावयाचा, साडेचार महिने ते चालवावयाचे, आणि पौषात उत्सर्जनाचा विधी करून ते रीतसर विसर्जित करावयाचे, अशी वर्षाची आखणीच होती. सोडणे हाही विधी आणि पुन्हा धरणे हाही विधी. मधल्या दिवसांचा जाब कोणी विचारीत नसे. श्रावणी आली, जानवे बदलले, ‘हरिः ॐ’ म्हटले, की पाठ सुरू. ही सोय सगळ्या समाजाला नव्हती, ती वरच्या वर्णांच्या पुरुषांपुरतीच होती, हे विसरून चालणार नाही. पण खंडाकडे पाहण्याची जी दृष्टी तिच्यात होती, ती पुढे त्या कुंपणाबाहेर आली, आणि आली ती छापखान्याच्या वाटेने.

१४ सप्टेंबर १८९७ रोजी मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची सक्तमजुरी सांगितली. ‘केसरी’ काही बंद पडला नाही. नरसिंह चिंतामण केळकर यांनी तो सांभाळला, आणि ठाण्याकल्याणच्या वाचकांच्या हाती दर मंगळवारचा अंक पडत राहिला. खंड पडला तो एका आवाजात. मुदतीपूर्वीच, ६ सप्टेंबर १८९८ रोजी, टिळकांची सुटका झाली. आजच्या मनुष्यास वाटेल की दुसऱ्याच मंगळवारी त्यांनी लेखणी उचलली असेल. तसे झाले नाही. तुरुंगाने शरीर खंगले होते. ते सिंहगडावर विश्रांतीला गेले, डिसेंबरात मद्रासच्या काँग्रेसला हजर राहिले, तेथून रामेश्वर आणि सिंहलद्वीप पाहून आले, आणि ४ जुलै १८९९ च्या अंकात संपादक म्हणून परतले. सुटका आणि पुनरागमन यांत असे दहा महिने गेले. त्या दिवशीच्या अग्रलेखाचा मथळा होता ‘पुनश्च हरिः ॐ’.

या मथळ्याच्या निवडीत मला टिळकांचा सारा स्वभाव दिसतो. त्यांच्यापुढे दुसरे मार्ग मोकळे होते: तुरुंगातील हालांची कैफियत मांडता आली असती, सरकारवर आग पाखडता आली असती, वाचकांची क्षमा मागता आली असती. त्यांनी उचलला तो पाठशाळेतला शब्द, आणि त्याबरोबर सरकारच्या शिक्षेची किंमत त्यांनी एका अनध्यायाइतकी करून टाकली. आकाशात गडगडले, पोथी मिटली; आकाश निवळले, पोथी उघडली.

पुढे हा मथळा इतका लोकांच्या तोंडी बसला की त्याचे मूळ कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. बंद पडलेली भजनी मंडळे, पुन्हा उघडलेली उपाहारगृहे, दुसऱ्यांदा सुटलेली सिगारेट, सर्वांना तो चालू लागला. जून २०२० मध्ये करोनाची टाळेबंदी टप्प्याटप्प्याने उठवताना महाराष्ट्र सरकारनेही आपल्या धोरणाला तेच नाव दिले. ज्या शब्दांनी एका संपादकाने सरकारी शिक्षेनंतर तोंड उघडले, तेच शब्द सरकारी हुकमावर चढलेले पाहून इतिहासाच्या वाचकाला गंमत वाटली असेल. आंबिवलीच्या चाकरमान्याला मात्र ती वाटण्याचे कारण नव्हते, कारण हरिः ॐ झाले तरी सामान्य उतारूला लोकलचा डबा पुढे कित्येक महिने बंदच होता.

आंबिवलीला खंडाचा अनुभव त्याआधीच आला होता, आणि तो अधिक कठोर होता. १९४६ साली स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘एनआरसी’चा, मोहन्याचा कारखाना या पंचक्रोशीचे पंचांग होता. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी यांवर घरातल्या चुली पेटत, मुलांच्या शाळा ठरत, लग्नाच्या तारखा निघत. २००९ मध्ये तो बंद झाला. हजेरीपटाचे पुढचे पान कोरे राहिले, आणि थकलेल्या देण्यांसाठी कामगारांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. ‘गेट उघडणार’ हे वाक्य या भागात किती काळ बोलले गेले असेल! येथे उत्सर्जन झाले, उपाकर्म झालेच नाही. सगळे खंड अनध्यायाच्या मापाने मोजता येत नाहीत. ज्याची भाकरी त्या हजेरीपटावर होती त्याला ‘पुनश्च’ची गोडी सांगणे ही क्रूर थट्टा ठरेल.

माझ्या मध्येच थांबलेल्या टिपणवहीचे दुखणे याच्या तुलनेत फारच किरकोळ. तिच्यातली शेवटची नोंद अशी: मोहन्याच्या बंधाऱ्याशी जलपर्णी दाटली आहे, पाणी दिसेनासे झाले आहे, उद्या पुन्हा जाऊन सविस्तर लिहावे. तो ‘उद्या’ अनेक पावसाळे लांबला. वही सापडली तेव्हा मनातला फडणीस तत्काळ जागा झाला आणि मधल्या वर्षांचा हिशेब मागू लागला. स्मरणातून चार-दोन नोंदी रचून मागल्या तारखा घालाव्यात, असा मोहही झाला. पण मागल्या तारखेची नोंद हीच खरी अफरातफर. एक ओळ मोकळी सोडली, त्या दिवसाची तारीख घातली आणि बंधाऱ्यावर जाऊन आलो. जलपर्णी होतीच.

मोकळ्या राहिलेल्या ओळीतही काही साचत असते, हे मानायला आपल्या वाङ्मयात आधार आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडे गेले, जिवावरच्या प्रसंगांतून परत आले, आणि सुमारे पाव शतकानंतर त्यांनी तो प्रवास लिहून काढला. ‘माझा प्रवास’ छापून निघाला तो १९०७ साली, ते गेल्यानंतर. टिळकांचा दुसरा खंड तर पहिल्याच्या कितीतरी पट मोठा होता. जुलै १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेच्या तुरुंगात ‘केसरी’साठी लिहिणे अर्थातच अशक्य झाले. तेथे १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले. जून १९१४ मध्ये ते पुण्यास परतले तेव्हा त्या वह्या सरकारने आपल्याजवळच ठेवून घेतल्या होत्या. त्या काही काळाने परत मिळाल्या, आणि १९१५ मध्ये ग्रंथ छापून बाहेर पडला.