पंचाचें चिलखत

बेसबॉलचा पंच कॅचरच्या पाठीशीं मुखवटा चढवून, छातीला गादी बांधून उभा राहतो. क्रिकेटच्या पंचाला बहुधा टोपीखेरीज कांहींच नसतें. समोरून येणाऱ्या सरळ फटक्याचें भय त्यालाहि आहेच. परंतु त्याहून मोठें भय संशयाचें! यजमान देश आपलेच पंच नेमी, आणि पाहुणा हरला कीं पायचीतच्या प्रत्येक निर्णयांत पक्षपात शोधी. नोव्हेंबर १९८६ मध्यें पाकिस्तान व वेस्ट इंडीज यांच्या लाहोर कसोटीस ठाण्याचे पिलू रिपोर्टर व व्ही. के. रामस्वामी हे भारतीय पंच उभे राहिले. १९१२ च्या इंग्लंडमधील त्रिकोणी सामन्यांनंतर कसोटींत असे तटस्थ पंच प्रथमच आले. पाकिस्ताननें भारतीयांवर एवढा भरंवसा टाकावा, हें आम्हांस त्या सामन्याच्या निकालाहून मोठें वाटतें. दोन्ही पंच तटस्थच असावेत, हा दंडक मात्र २००२ सालीं पडला.