दवंडी आणि शेजार

सुट्टीच्या दिवसांत पुष्कळ घरांतून एक दृश्य दिसते. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या संगणकीय खेळापायी आपण रात्री जागवल्या, तो एकदा मुलाबरोबर खेळावा, अशी इच्छा बापाच्या मनात येते. जुनी तबकडी कपाटातून बाहेर निघते आणि दोन संगणक एकाच मेजावर समोरासमोर मांडले जातात. दोहोंवर खेळ सुरू होतो. चित्रे हलतात, आवाज ऐकू येतात. पण एकाने डाव मांडून दुसऱ्याची वाट पाहावी, तर दुसऱ्याच्या पडद्यावर त्या डावाचे नावही उमटत नाही. साता समुद्रांपलीकडची वार्ता क्षणार्धात आणणारी ही यंत्रे हातभर अंतरावरील शेजाऱ्याला मात्र ओळखत नाहीत.

श्रोतेहो, हा दोष कोणाचा? यंत्र नवे आहे, खेळही जसा होता तसाच आहे. बदलली आहे ती या दोहोंमधील शेजाराची कल्पना. ती कशी बदलली, हे पाहिल्यावाचून बिघाडाचे मूळ सापडत नाही.

आरंभ करावा लागतो १९७३ साली, अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात. त्या सुमारास नासाच्या एम्स संशोधन केंद्रात काही तरुणांनी ‘मेझ’ नावाचा खेळ रचला. दोन संगणक तारेने जोडावे, चक्रव्यूहाच्या गल्ल्यांतून हिंडावे आणि प्रतिस्पर्धी दिसताच त्याला टिपावे, असे त्याचे स्वरूप होते. त्याच वर्षी २२ मे रोजी, पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधनशाळेत, बॉब मेटकाफ यांनी एक टिपण लिहिले आणि त्यातून ‘इथरनेट’ जन्मास आले. त्याची कल्पना आपल्या जुन्या वाड्याशी ताडून पाहता येईल. चौकात कोणी बोलले की ते सर्व बिऱ्हाडांना ऐकू जाते. ज्याचे नाव घेतले तो ओ देतो, इतर आपल्या कामात राहतात. आणि सर्वांसाठीच काही सांगायचे असेल, तर एकच आरोळी पुरते. या आरोळीला आपण दवंडी म्हणू. जुन्या खेळांचे सारे रहस्य या दवंडीत आहे.

झेरॉक्सने इथरनेटवरील संभाषणाचे जे नियम आखले, त्यांतूनच पुढे युटा राज्यातील नॉवेल कंपनीने आपला ‘आयपीएक्स’ हा संकेत घडविला. १९८० नंतरच्या दशकात कचेऱ्याकचेऱ्यांतून नॉवेलची जाळी पसरली. तिच्या जाळ्याबरोबर ‘स्नाइप्स’ नावाचा एक खेळही दिला जात असे. अनेक यंत्रे एकाच वेळी परस्परांशी बोलू शकतात, हे त्यावरून सहज पटे. आयपीएक्सचा मोठा गुण असा की, त्यात कोणी कोणाला पत्ता नेमून देण्याची गरज नव्हती. जोडकार्डावर कारखान्यातच कोरलेला क्रमांक हाच यंत्राचा पत्ता. तार जोडावी, दवंडी द्यावी आणि जो ओ देईल त्याच्याशी खेळावे. घरगुती खेळाला याहून सोयीची व्यवस्था मिळणे कठीण होते.

१० डिसेंबर १९९३ रोजी टेक्सासमधील इड सॉफ्टवेअरने ‘डूम’ हा खेळ प्रसृत केला, तेव्हा त्याच्या कर्त्यांनी हाच आयपीएक्स वापरला. चार जणांना एकत्र खेळता येई. लोकांनी आपली यंत्रे उचलून मित्रांच्या घरी न्यावी, जमिनीवर तारा पसराव्या आणि पहाट होईपर्यंत उठू नये, असा प्रघातच पडला. त्या काळचे बिघाडही त्या काळासारखेच होते. पातळ काळी केबल एका यंत्रापासून दुसऱ्यापर्यंत माळेसारखी ओवलेली असे आणि तिच्या दोन्ही टोकांना ५० ओहमची छोटी टोपणे लावावी लागत. त्यांतील एक निसटले की संदेश टोकावर आपटून परत फिरत आणि एका माणसाच्या निष्काळजीपणाने सारी माळ मुकी होई. दुसरा बिघाड याहून सूक्ष्म होता. आयपीएक्सचे संदेश तारेवर घालण्याचे एकाहून अधिक प्रकार होते आणि १९९३ च्या सुमारास नॉवेलने आपला रूढ प्रकार बदलला. एका यंत्रावर जुना आणि दुसऱ्यावर नवा प्रकार असला, तर तार शाबूत, कार्ड शाबूत, आणि तरीही संभाषण शून्य. एकाच घरातील दोन भाऊ एकाच चौकात निरनिराळ्या भाषांत आरोळ्या देत आहेत, असा तो प्रकार होता.

डूमच्या पहिल्या आवृत्त्यांत एक उणीवही होती. खेळ सेकंदाचे ३५ भाग करीत असे आणि खेळाडूच्या हालचालींचे संदेश नेमक्या सोबत्यांना न पाठविता दवंडी देऊनच सांगत असे. चौघांचा डाव रंगला की जाळ्यावरील प्रत्येक यंत्राला, मग ते हिशेबनीसाचे का असेना, ही प्रत्येक दवंडी ऐकून सोडून द्यावी लागे. साऱ्या संस्थेचे काम मंदावे. इंटेल, लोटस, कार्नेगी मेलन विद्यापीठ अशा ठिकाणी या खेळावर निर्बंध घातले गेले, ते याच काळात. १९९४ च्या आरंभी नवी आवृत्ती आली आणि संदेश नेमक्या पत्त्यावर जाऊ लागले. दवंडी सोयीची खरी, परंतु ती शेजाऱ्यांच्या सहनशीलतेवर जगते, हा धडा त्या वेळीच मिळाला.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डूममध्ये किंवा १९९७ साली आलेल्या ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये सैन्याची स्थिती तारेवरून पाठविली जात नाही, केवळ आज्ञा पाठविल्या जातात. एज ऑफ एम्पायर्सच्या कर्त्यांपुढे अडचण होती ती संथ मोडेमची. शेकडो सैनिकांच्या जागा पदोपदी कळविणे त्याच्या आवाक्यात नव्हते. म्हणून प्रत्येक यंत्राने सारे युद्ध स्वतःच मांडावे, आणि ‘अमुक खेळाडूने अमुक आज्ञा दिली’ एवढेच परस्परांना सांगावे, अशी योजना झाली. ही योजना काटकसरीची, पण कमालीची काटेकोर. एका यंत्रावर हरिण तसूभर वेगळ्या जागी उभे राहिले, तर काही मिनिटांनी शिकाऱ्याचा नेम चुकतो, त्याचे धान्य कमी पडते आणि दोन यंत्रांवर दोन निराळे इतिहास घडू लागतात. मग खेळ डाव मोडून टाकतो. म्हणून डाव जुळला आणि मध्येच तुटला, तर तारेला दोष देण्यापूर्वी दोन्हीकडील आवृत्ती अक्षरशः एकच आहे का, हे पाहावे.

आता शेजार कसा बदलला ते पाहू. १९९५ नंतर इंटरनेट घरोघरी पोहोचू लागले. भारतात सामान्य ग्राहकांना ते १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले. इंटरनेटचा संकेत वेगळा, तेथे आयपीएक्सला थारा नव्हता. तेव्हा जे कॉटन आणि स्कॉट कोलमन यांनी १९९५ साली ‘काली’ हा प्रोग्राम पुढे आणला. आयपीएक्सचे पत्र इंटरनेटच्या लखोट्यात घालून पाठवावे आणि पलीकडे लखोटा फोडून खेळाच्या हाती द्यावे, ही त्याची युक्ती. १९९६ च्या ‘क्वेक’ने इंटरनेटचा संकेत प्रथमपासूनच जाणला. आपल्याकडे शतकाच्या अखेरीस निघालेल्या सायबर कॅफेंतून ‘काउंटर-स्ट्राइक’सारखे खेळ रंगले, ते या नव्या पिढीचे.

त्याच वेळी पत्त्यांची टंचाई जाणवू लागली. १९९४ साली मांडलेल्या युक्तीने अनेक यंत्रे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे दडविता येऊ लागली, आणि खासगी वापरासाठी पत्त्यांचे काही गट राखून ठेवले गेले. घराला राउटररूपी दारवान मिळाला. आतून बाहेर जाणाऱ्याला तो अडवीत नाही. बाहेरून अवचित आलेल्याला मात्र कोणत्या बिऱ्हाडी न्यावे हे त्याला कळत नाही. पुढे जंतूंचा उपद्रव वाढला, तेव्हा मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सुधारणेत फायरवॉल आपोआप चालू राहील असे केले. २००७ साली ग्राहकांच्या हाती आलेल्या व्हिस्टातून आयपीएक्सच काढून टाकले. दवंडीचे वाड्यातील स्थान गेले. अनोळखी आरोळी ही संशयाची गोष्ट ठरली. या सावधगिरीला दोष देता येणार नाही. परंतु जुना खेळ याच आरोळीवर जगत होता.

एवढे समजल्यावर उपायांचा क्रम आपोआप लागतो. प्रथम दोन्ही यंत्रे खरोखर एकाच जाळ्यावर आहेत का ते पाहावे. पाहुण्यांसाठीचे वाय-फाय पुष्कळदा उपकरणांना परस्परांपासून मुद्दाम अलग ठेवते. त्यापेक्षा साधी तार बरी. मग खेळाला फायरवॉलची परवानगी द्यावी. सारी फायरवॉलच बंद करून ठेवणे शहाणपणाचे नाही. एका यंत्रात तार, वाय-फाय आणि एखादे आभासी जोडकार्ड अशी अनेक दारे असतील, तर जुना खेळ भलत्याच दारातून दवंडी देतो; म्हणून खेळापुरती इतर दारे बंद करावी. एज ऑफ एम्पायर्सच्या पिढीतील खेळांना ‘डायरेक्टप्ले’ हा घटक लागतो. विंडोज १० मध्ये तो जुन्या घटकांच्या यादीत निद्रिस्त असतो, त्याला जागे करावे लागते. आणि आयपीएक्स मागणाऱ्या डॉसच्या खेळांसाठी ‘डॉसबॉक्स’ हा प्रोग्राम आहे. त्याच्या मांडणीत आयपीएक्स चालू करून एका यंत्राला यजमान आणि दुसऱ्याला पाहुणा केले, की कालीचीच लखोट्याची युक्ती तेथे पुन्हा कामास येते.

परंतु प्रश्न केवळ युक्त्यांचा नाही. शेजाऱ्याला थेट हाक मारणारे खेळ आज तीस वर्षांनीही खेळता येतात. डूमचा मूळ मजकूर कर्त्यांनी १९९७ साली जगाला खुला केला आणि हौशी लोकांनी त्याला नव्या यंत्रांवर नांदविले. याउलट, ज्या खेळांना डाव मांडण्यापूर्वी दूरच्या एखाद्या मध्यवर्ती यंत्राची संमती लागे, त्यांचे आयुष्य त्या यंत्राच्या मालकाच्या हिशेबवहीशी बांधले गेले. ३१ मे २०१४ रोजी ‘गेमस्पाय’ची अशी सेवा बंद झाली, तेव्हा अनेक खेळांचा इंटरनेटवरील डाव रातोरात थांबला. २०१० साली आलेल्या ‘स्टारक्राफ्ट’च्या दुसऱ्या भागात तर घरगुती जाळ्यावर थेट खेळण्याची सोयच ठेवली गेली नाही, त्याच्या पहिल्या भागात, १९९८ साली, ती होती. समोर बसलेल्या भावाशी खेळायलाही परक्या गावच्या चावडीवर नोंद करावी लागणे, ही प्रगती असली तरी तिची किंमत आपण मोजून पाहिली पाहिजे.

ग्रंथ जपावे, नाणी जपावी, ताम्रपट जपावे, हे आपण जाणतो. खेळ मात्र केवळ वस्तू जपून जपला जात नाही. तो दोघांनी खेळला तरच जिवंत राहतो. म्हणून त्या मेजाशी बसून तार तपासणारा बाप आणि त्याचा कंटाळत चाललेला मुलगा हे दोघे नकळत जतनाचेच काम करीत असतात. बापाने दारे एकेक करून बंद करावी आणि उघडावी. आणि अखेर पलीकडच्या पडद्यावर डावाचे नाव उमटून मुलाने ‘दिसलं, बाबा!’ म्हणावे, की जुन्या वाड्यातील ती आरोळी पुन्हा एकदा ऐकू आली, असे समजावे.