वाडींतील खुराडें

गिरगांवची खोताची वाडी, कावेल, माझगांवची माथारपाखाडी आणि दादरच्या पोर्तुगीज देवळाभोंवतालची वस्ती (तें देऊळ प्रथम १५९६ सालीं उभें राहिलें) हीं सर्व ठिकाणें एके काळीं माडांच्या सावलींत वसलेलीं होतीं, हें आजच्या तरुण वाचकांस मुद्दाम सांगावें लागतें. इंग्रज लोक अशा वाड्यांस ‘ओर्ट’ म्हणत. तो शब्द पोर्तुगीज ‘होर्ता’, म्हणजे बाग, यावरून आला. वाडींतील ईस्ट इंडियन घराच्या परसांत खुराडें नसणें हेंच विरळा. हें नांव आमच्या समाजानें १८८७ सालीं धारण केलें. कोंबड्या त्याच्या कितीतरी आधींच्या! अंड्यांचा पैसा बहुधा घरच्या बाईच्या हातीं राही, आणि लग्नाचें किंवा नाताळचें जेवण याच परसांतून निघे. सबब एका रात्रींत खुराडें रिकामें झालें, तर तें नुकसान थोडें नसे.

शत्रु पुष्कळ. पिलांवर घार आणि कावळा टपलेले, दिवसा मुंगूस, रात्रीं बोका, घूस आणि उदमांजर. उदमांजर माडावरून कौलांवर व कौलांवरून परसांत सहज उतरतें. मुंगूस एकदां आंत शिरलें, कीं खाईल एक आणि मारील चार.

कोंबडा मात्र चांगला पहारेकरी. घार दिसतांच तो बारीक, लांबट शीळ घालतो. मांजर जमिनीवरून आलें तर मोठ्यानें तुटक तुटक ओरडतो. या दोन हांका निराळ्या असून कोंबड्या त्यांचा अर्थ जाणतात, हें प्राणिशास्त्रज्ञांनीं विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगांनीं दाखविलें. पहिली हांक ऐकतांच त्या आडोशाला पळून दबून बसतात. दुसरी ऐकून मान ताठ करून चोहोंकडे पाहतात. आमच्या आजीबाईंस हें शास्त्र प्रयोगावांचून ठाऊक होतें. शीळ ऐकली कीं त्या हातांतलें काम टाकून अंगणांत येत.

पुढें मुंबई पालटली. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली आणि कालांतरानें परळ-लालबागेंत धुराडींच धुराडीं झालीं. १८९६ सालीं मांडवीस प्लेगाची सांथ डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं ओळखली. १८९८ सालीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. माड तुटले, रस्ते रुंदावले, चाळी उठल्या. जुन्या मुंबईंतला कोल्हा हटला (आज तो विक्रोळीकडील खारफुटींत आढळतो). परंतु शहराच्या केरकचऱ्यावर उंदीर, मांजरें आणि घारी यांचें चांगलें पोषण झालें. वाडी आकसली, तरी चोर उरलेच.

याच शतकांत एक नवें साधन मिळालें. षट्कोनी तारेची जाळी नॉरिच येथील चार्ल्स बर्नार्ड यानें १८४४ सालीं तयार केली. कापड विणण्याच्या यंत्रावरून त्यास ही कल्पना सुचली. गिरणगांवकरांस याचें नवल वाटूं नये. परंतु ही जाळी कोंबडीला आंत ठेवण्यापुरती आहे, चोराला बाहेर ठेवण्याची नव्हे. तिच्या छिद्रांतून मांजराचा पंजा आंत जातो आणि उंदराचें पिल्लूं तर अख्खें जातें. त्यासाठीं अर्ध्या इंचाची, जाड तारेची चौकोनी जाळीच हवी. ती वरूनहि बसवावी, आणि खालीं हातभर जमिनींत पुरावी, कारण घूस उकरून येते. खुराडें खांबांवर उचललेलें असावें. उरलेलें धान्य रात्रीं तेथें ठेवूं नये, तें उंदरांस आमंत्रणच.

आणि दिवेलागणीपूर्वीं कोंबड्या मोजून आंत घ्याव्या. एक कमी भरली, तर कंदील घेऊन भिंतीवर किंवा फांदीवर शोधावी. अंधारांत तिला फारसें दिसत नाहीं. हातानें अलगद उचलली तरी ती धडपडत नाहीं. बोक्यालाहि हें चांगलें ठाऊक असतें.