उपास एक, देह निराळे

अनंत चतुर्दशीचा निर्जळी उपास होता. दुपारी बस्तीतून घरी आलो. थोरल्या जाऊबाई जपमाळ घेऊन निवांत बसल्या. धाकटीचे हात मात्र थरथरत होते, छातीत धडधडत होतं. "भाव कमी पडला गं तुझा," मी म्हणून गेले. तिनं मान खाली घातली.

शास्त्रज्ञही बरीच वर्षं सगळ्यांना एकाच मापानं मोजत होते. १९३६ साली माँट्रियलच्या हान्स सेल्ये यांनी उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. थंडी असो, जखम असो की अतिश्रम, शरीराचं उत्तर एकच: अ‍ॅड्रिनल ग्रंथी मोठ्या होतात, पोटात व्रण पडतात. आज आपण 'ताण' म्हणतो, त्या कल्पनेचा पाया हाच.

पुढं अमेरिकेत जॉन मेसन यांनी शंका काढली, तीही उपासावरूनच! शेजारची माकडं खाताना पाहून उपाशी माकडांच्या अंगात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी पाझरणारं द्रव्य, वाढे. मग त्यांना वेगळं ठेवून फळांच्या चवीच्या, पण पोषण नसलेल्या गोळ्या दिल्या. उपास तोच, तरी कॉर्टिसॉल फारसं वाढलं नाही. मनाला काय वाटतं, त्यावरही देहाचं उत्तर ठरतं तर!

वाचून वाटलं, म्हणजे मी बोलले ते खरंच की. पण गोष्ट तिथं संपत नाही. १९९५ साली जर्मनीतल्या क्लेमेन्स किर्शबाउम आणि सहकाऱ्यांनी वीस निरोगी पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच दिवस त्यांना रोज लोकांसमोर भाषण आणि तोंडी हिशेब करायला लावले होते. तेरा जणांचं शरीर लवकरच सरावलं. सात जणांचं कॉर्टिसॉल मात्र रोज वाढतच राहिलं. त्या सातांना स्वतःविषयी विश्वासही कमी होता. कशामुळं काय झालं, ते एवढ्यावरून ठरत नाही. पण "तू कमी पडलीस" म्हटल्यानं कुणाची धडधड थांबत नाही, एवढं मला उमगलं.

आपल्या सोळाकारण भावनांत 'शक्तितस्तप' आहे, आपापल्या शक्तीनुसार तप. दरवर्षी ते म्हणत आले. शक्ती प्रत्येकीची निराळी, हे लक्षातच घेतलं नव्हतं.

पुढच्या भाद्रपदात धाकटीनं एकासन धरलं. तिचं ताट मीच वाढलं.