साठच्या दशकातील गाजलेली गाणी आणि त्यांच्या संकलित तबकड्या

यवतमाळ, प्रतिनिधी : दिवाळीच्या आवराआवरीत जुन्या घरांच्या माळ्यावरून पितळी भांड्यांबरोबर हमखास खाली येणारी एक वस्तू म्हणजे तबकड्यांचा गठ्ठा. वाजवायला यंत्र नसते. 'ही सगळी गाणी आता एका डबीत मिळतात' असे कोणीतरी म्हणते आणि गठ्ठा रद्दीवाल्याच्या हाती जातो. ती सगळी गाणी खरोखरच मिळतात का, याचे उत्तर मात्र नकारार्थी आहे. १९६६ ते १९७० या काळातील लोकप्रिय गाण्यांची संकलने कशी तयार झाली, त्यांत काय आले आणि काय राहिले, हे समजून घेतल्यास रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी आपण क्षणभर थांबू.

त्या काळी घरोघरी तीन प्रकारच्या तबकड्या होत्या. मिनिटाला ७८ फेरे घेणारी, दहा इंचांची लाखेची तबकडी सर्वांत जुनी. तिच्या एका बाजूला साधारण सव्वातीन मिनिटांचे एकच गाणे मावे. ही लाख पळस, बोर, कुसुम या झाडांवरील किड्यांपासून मिळते. आपल्या जिल्ह्यात फाल्गुनात रानभर फुलणारा पळस आणि माळ्यावरची तबकडी यांचे असे दूरचे नाते आहे. दुसरी सात इंचांची, ४५ फेऱ्यांची 'ईपी'. हिच्यात बहुधा चार गाणी असत. तिसरी बारा इंचांची 'लाँग प्ले'. तिच्या प्रत्येक बाजूला वीस मिनिटांहून अधिक ध्वनिमुद्रण बसे, म्हणजे एकूण बारा गाणी सहज मावत.

संकलनाची कल्पना या बारा गाण्यांच्या जागेतूनच रुजली. हिंदी चित्रपटात गाणी सहा-सात. मग वेगवेगळ्या चित्रपटांतील गाजलेली बारा गाणी एकत्र करून एका गायकाची, एका संगीतकाराची वा निव्वळ युगुलगीतांची तबकडी काढणे कंपनीला परवडू लागले. नवे ध्वनिमुद्रण नको, वादकांचे मानधन नको; लागे फक्त नवे वेष्टन. कोलकात्याजवळच्या डमडम येथील कारखान्यात ग्रामोफोन कंपनीच्या तबकड्या निघत आणि हिंदी-मराठी गाण्यांच्या बाजारावर 'एचएमव्ही' व 'कोलंबिया' या तिच्याच दोन नाममुद्रांचे वर्चस्व होते. १९६९ मध्ये 'पॉलिडोर' भारतात आली आणि गाण्यांची दोन घरांत वाटणी होऊ लागली. एका घरचे गाणे दुसऱ्याच्या संकलनात येणे कठीण झाले. 'सर्वोत्तम गाणी' या शब्दांचा अर्थ 'आमच्या ताब्यातील सर्वोत्तम गाणी' असा घ्यायचा असतो, तो तेव्हापासून.

खेड्यापाड्यांत लाँग प्ले उशिरा पोचली, त्याचे कारण केवळ किंमत नव्हे. चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नसे. पण त्याची जड मान आणि पोलादी सुई लाँग प्लेच्या बारीक चरांचा एका फेरीतच नाश करी. ज्या घरी वीज नाही, तिथे लाखेची तबकडीच चाले. आपल्याकडील माळ्यांवर लाखेच्या तबकड्या मोठ्या संख्येने सापडतात त्या यामुळे, आणि संकलनांत कधीच न आलेली गाणी सापडण्याची शक्यताही त्यांतच अधिक.

लोकप्रियता ठरवायची कशी? त्या काळचे सर्वमान्य माप होते रेडिओ सिलोनवरील 'बिनाका गीतमाला'. डिसेंबर १९५२ पासून अमीन सयानी यांच्या आवाजात बुधवारी रात्री ती लागे. दुकानांतील तबकड्यांची विक्री आणि श्रोता संघांची पसंती यांवरून क्रम ठरे. वर्षअखेरीच्या यादीत १९६६ मध्ये 'सूरज'मधील महंमद रफी यांचे गाणे अव्वल ठरले. त्यानंतरच्या चार वर्षांचा मान 'मिलन', 'शागीर्द', 'इंतकाम' आणि 'दो रास्ते' या चित्रपटांतील गाण्यांना मिळाला. चारही गाणी लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांची आणि चारही गाण्यांत लता मंगेशकर!

गंमत अशी, की आज १९६९ चे कोणतेही संकलन उघडा, दर्शनी जागी 'आराधना' असते. सचिनदेव बर्मन यांच्या त्या गाण्यांनी किशोरकुमार यांना नवे युग दिले, हे खरेच. पण वार्षिक यादीचे पहिले स्थान त्यांतील एकाही गाण्याला मिळाले नाही. ज्या 'इंतकाम'ने ते मिळवले, तो चित्रपट आज कितीजणांना आठवतो? संकलन हे गतकाळाचे छायाचित्र नसून नंतरच्या पिढीने केलेली निवड असते, हे इतके स्पष्टपणे क्वचितच दिसते. पुढे 'गीतमाला की छांव में' या मालिकेत सयानी यांच्याच निवेदनासह ही गाणी पुन्हा आली. सयानी २०२४ मध्ये निवर्तले.

विदर्भाच्या दृष्टीने एक तारीख महत्त्वाची आहे. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर जाहिरातींचे प्रसारण सुरू झाले, ते मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. त्यामुळे सिलोनची खरखर न सोसता चित्रपटगीते ऐकण्याची सोय झाली.

युगुलगीतांच्या संकलनांत आणखी एक खूण सापडते. मानधनापलीकडील हक्काच्या रकमेवरून लताबाई आणि रफी यांच्यात मतभेद झाले व साठच्या दशकाच्या मध्यास काही वर्षे दोघे एकत्र गायले नाहीत. त्या काळात रफींबरोबर अनेकदा सुमन कल्याणपूर यांचा आवाज आला. 'ब्रह्मचारी' (१९६८) मधील त्यांचे युगुलगीत आजही अनेकजण लताबाईंचे समजून ऐकतात. वेष्टनावरचे नाव नीट वाचले, तर हा अन्याय टळतो.

मराठीचे चित्र थोडे निराळे. 'एकटी' (१९६८), 'अपराध' (१९६९), 'आनंदघन' या नावाने लताबाईंनी संगीत दिलेला 'तांबडी माती' (१९६९), 'मुंबईचा जावई' (१९७०) या चित्रपटांची गाणी संकलनांतून टिकली. भावगीतांचे मात्र दोन वर्ग पडले. ज्यांची तबकडी निघाली, ती राहिली. जी केवळ आकाशवाणीवर गायली गेली आणि तबकडीवर आली नाहीत, ती संकलनकर्त्यांच्या कक्षेतच नव्हती. मुंबईत त्याच सुमारास इंग्रजी 'पॉप'चीही हवा होती. सिगारेटच्या जाहिरातीसाठी तंबाखू कंपनीने भरवलेल्या 'सिमला बीट' स्पर्धेतील वाद्यवृंदांची दोन संकलने १९७० आणि १९७१ मध्ये निघाली. परदेशी संग्राहक आज त्यांच्या मूळ प्रतींच्या शोधात असतात.

मूळ आवाज आणि नक्कल यांतला भेद ओळखणे हे ग्राहकाचे काम. ब्रिटनमध्ये १९६८ पासून 'टॉप ऑफ द पॉप्स' नावाची स्वस्त संकलने निघाली. गाणी त्या आठवड्याची, गायक मात्र अनामिक. आपल्याकडे तोच प्रयोग कॅसेटच्या जमान्यात 'टी-सीरीज'ने केला. कॉपीराइट कायद्यातील तरतुदीचा आधार घेऊन जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतली गेली. सोनू निगम प्रथम घराघरांत पोचले ते 'रफी की यादें'मधून. वेष्टनावर फोटो कोणाचा आणि बारीक अक्षरांत नाव कोणाचे, हे पाहण्याची सवय ग्राहकाला तेव्हा लागली. २०१२ च्या दुरुस्तीने अशा आवृत्त्यांच्या वेष्टनावर मूळ कलावंतांच्या नावाने वा चित्राने दिशाभूल करण्यास मनाई केली.

कायद्याचा आणखी एक भाग लवकरच महत्त्वाचा ठरणार आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. १९६६ च्या तबकडीचा हक्क २०२६ अखेरपर्यंत, तर १९७० च्या तबकडीचा २०३० अखेरपर्यंत. पण शब्द आणि चाल यांचा हक्क त्या त्या कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. 'मुंबईचा जावई'मधील रामदास कामत यांचे गाणे घ्या. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचे. १९७३ च्या यवतमाळ साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारे गदिमा १९७७ मध्ये गेले, बाबूजी २००२ मध्ये. म्हणजे तबकडी २०३० नंतर मोकळी, शब्द २०३७ नंतर आणि चाल थेट २०६२ नंतर. एकाच गाण्याची ही तीन वये लक्षात न घेता 'जुने आहे, आता कोणीही वापरावे' असे समजणे महागात पडू शकते.

ग्रामोफोन कंपनीचे २००० मध्ये 'सारेगामा' झाले आणि २०१७ मध्ये तिने पाच हजार हिंदी गाणी भरलेला 'कारवाँ' बाजारात आणला. आजी-आजोबांना भेट म्हणून तो उत्तमच. पण तोही शेवटी कंपनीने केलेले संकलनच, आणि त्यात वाजते ते बहुतांशी तबकडीवरचे गाणे. चित्रपटात असलेले एखादे जादा कडवे तबकडीच्या वेळमर्यादेत पूर्वीच गळालेले असते.

तेव्हा माळ्यावरचा गठ्ठा उघडाच. बारा गाण्यांची प्रसिद्ध संकलने सहसा दुर्मीळ नसतात. लाखेच्या सुट्या तबकड्या आणि मराठी ईपी मात्र आधी बाजूला काढाव्यात. दोन्ही बाजूंच्या गोल चिठ्ठीवरील गायक, संगीतकार आणि तबकडीचा क्रमांक वहीत उतरवून घ्यावा. यवतमाळच्या उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा भट्टीसारखा तापतो आणि लाँग प्लेला बाक येतो, म्हणून तबकड्या खालच्या थंड खोलीत, एकीवर एक न रचता उभ्या ठेवाव्यात. लाखेची तबकडी पुसताना स्पिरिट वापरू नये. त्यात लाखच विरघळते.